तांबट आळीतील एक सकाळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम हातच जोडले. एखादी पाककृती देते म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्यात. तुम्ही पुण्याला जाऊन काय पाहून आलात, ते लिहा." म्हणून हे धाडस. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि घरी आल्यावर भाचीच्या मदतीने पुस्तकांशी ताडून घेतले, तेवढेच येथे मांडते. काही उणे राहिले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

दिवाळीनंतर मी चार दिवस धाकट्या बहिणीकडे पुण्यास गेले होते. शनिवारी रात्री भाची म्हणाली, "मावशी, उद्या लवकर आटप. तुला वारसा फेरीला नेते." वारसा म्हटल्यावर मला आपली तलाठ्याकडची वारसाची नोंदच आठवली! मी म्हटले, "अगं, कुणाची जमीन आणि कुणाचा वारसा?" ती खूप हसली. मग तिने समजावून सांगितले, की शहराचे जुने भाग, वाडे, देवळे आणि कारागिरांच्या आळ्या पायी हिंडून दाखवायच्या आणि त्यांची हकीकत सांगायची, यास वारसा फेरी म्हणतात. वडिलांची जमीन जशी मुलांची, तसे हे सारे गावाचे, म्हणजे आपल्या सर्वांचे. मला ते पटले. मात्र जमिनीच्या वारशाची निदान नोंद तरी होते, ह्या वारशाची कोण करतो, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे आम्ही पंधराएक माणसे जमलो. माहिती सांगणारी मुलगी वास्तुशास्त्र शिकलेली होती. आवाज खणखणीत आणि सांगणे अगदी सोपे. ती मला काकू म्हणू लागली व गर्दीत मागे पडले की थांबत असे. तिने सांगितले, की ह्या वाड्याचा पाया पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या वेळी खर्च आला १६,११० रुपये. १८१८ साली पेशवाई गेली आणि दहाच वर्षांनी, १८२८ साली, मोठी आग लागून आतले महाल जळाले. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. मला आपल्या किल्ल्याची आठवण झाली. तट उभा आणि आत ओसाड, हे दृश्य धारूरच्या बायकांना नवे नाही.

तेथून लाल महालाकडे गेलो. आजची इमारत महानगरपालिकेने अलीकडच्या काळात बांधलेली आहे. शहाजीराजांनी उभारलेला मूळ वाडा आता नाही. येथे त्या मुलीने जी गोष्ट सांगितली ती आपल्या गावाशी कशी जुळते पाहा. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे लुटून जाळले. गावावर गाढवांचा नांगर फिरवला, असे सांगतात. त्याच सुमारास, १६३१ साली, मोगलांचा सरदार आझमखान याने निजामशाहीकडून आपला धारूरचा किल्ला घेतला. आणि त्याच १६३० ते १६३२ ह्या काळात दख्खनवर असा भयंकर दुष्काळ पडला, की गावेच्या गावे ओस पडली. धारूरचा किल्ला आदिलशाहीच्या किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास बांधला, हे आपण येथे ऐकत आलो आहोत. पण पुणे आणि धारूर एकाच वेळी एकाच संकटात सापडले होते, हे मला लाल महालासमोर उभी राहिले तेव्हा प्रथम कळले.

पुढे पुण्यास दिवस आले. जिजाऊमातेने बाळ शिवाजीसह पुण्यात राहून उजाड गाव पुन्हा वसविले. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून लोकांना धीर दिला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकली आहे. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. आजही गणेशोत्सवात विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. आम्ही दर्शन घेतले. "काकू, गाव वसवायचे म्हणजे नुसती घरे बांधून भागत नाही," ती मुलगी म्हणाली. "कुंभार हवा, तांबट हवा, शिंपी हवा, बुरूड हवा. म्हणून कसबा पेठेत धंद्याधंद्याच्या आळ्या आहेत." मनात म्हटले, ही गोष्ट तर आम्हा बायकांना लग्न झाल्या दिवसापासून ठाऊक आहे. घर मांडायचे म्हणजे आधी पाण्याला भांडे हवे.

पाण्याचे नाव निघाले तर फडके हौदाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या डोंगरात तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पुण्यात पाणी आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. फडके हौद हे नाव त्यांतलेच. आता पेठेत घरोघर नळ आहेत. हौदाचे नाव चौकाला उरले आहे. पूर्वी ह्या हौदांवरून जे पाणी घरी जाई, ते तांब्या-पितळेच्या हंडे-कळशांतून जाई. आणि ते हंडे ठोकणारे लोक तेथून हाकेच्या अंतरावर राहत. त्यांचीच ती तांबट आळी.

आळी दिसण्याच्या आधी ऐकू येते. टण्, टण्, टण्, असा एका लयीतला आवाज. एका घरातला थांबला की दुसऱ्या घरातला सुरू. आपल्याकडे उन्हाळ्यात वडा-पिंपळावर एक हिरवा, लाल कपाळाचा लहानसा पक्षी टुक् टुक् करीत दुपारभर बसतो. त्याला तांबट का म्हणतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या आळीत शिरताच उलगडा झाला. पाखराचे नाव माणसाच्या धंद्यावरून पडले आहे.

येथील कारागीर त्वष्टा कासार समाजाचे. त्यांचे दैवत कालिकामाता. आपल्याकडे कासार म्हटले की बांगड्या भरणारा डोळ्यांपुढे येतो, पण मूळ शब्द कांस्यकार, म्हणजे काशाची भांडी करणारा. तसा तांबे घडविणारा तो तांबट. ही घराणी कोकणातून पुण्यास आली. पेशवाईत पुणे राजधानीसारखे झाले, वस्ती वाढली, वाडे उठले, मुदपाकखाने आणि देवघरे आली, तेव्हा त्यांच्या हातांना खूप काम मिळाले. आमच्या पूर्वजांनी नाणी, शिक्के आणि तोफाही केल्या, असे आळीतले लोक अभिमानाने सांगतात. शिवाजीमहाराजांनी चालविलेले 'शिवराई' हे नाणे तांब्याचेच होते आणि ते महाराजांच्या मागे कितीतरी वर्षे बाजारात चालत राहिले.

तांब्याचे काम आपल्या मुलखाला त्याहूनही जुने आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशी तांब्याची चार भरीव चित्रे सापडली. चारींचे मिळून वजन साठ किलोंवर भरले. अभ्यासक ती हजारो वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे आपल्या ताम्हनाचे कूळ केवढे मोठे!

एका घराच्या ओसरीवर साठीचे एक तांबटकाका बसले होते. त्यांनी आम्हाला काम दाखविले. ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण जन्मभर तांब्याचे भांडे घासूनही ते कसे होते हे मला ठाऊक नव्हते.

प्रथम तांब्याचा पत्रा कातरीने कापतात. तो वळवून दोन्ही कडा एकमेकींत बसवितात आणि टाकणखार लावून, पितळेच्या झाळणीने भट्टीत सांधतात. बूडही तसेच जोडतात. मग भांडे तापवून, धुऊन, चिंच आणि आम्लाने साफ करतात. इतके झाले तरी भांडे मऊच असते. जोराने दाबले तर चेपेल. नंतर येते खरे काम, ते मठारण्याचे. लोखंडी ऐरणीवर भांडे धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ठोका शेजारी ठोका, ओळीशेजारी ओळ, अशी सगळ्या अंगावर नक्षी उठवितात. आपण ज्या चमकत्या टिकल्या पाहतो, त्या शोभेसाठी काढल्या आहेत असा माझा समज होता. काका म्हणाले, "शोभा मागाहून, ताई. तांबं मऊ असतं, ठोक्यानं ते कठीण होतं. मठारलेला हंडा तीन पिढ्या चेपत नाही." मात्र ठोकतच राहिले तर तांबे कडक होऊन तडकते. म्हणून मध्ये मध्ये तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. केव्हा ठोकायचे आणि केव्हा तापवायचे, हे हाताला कळते, तोंडाने सांगता येत नाही, असे ते म्हणाले. एक ठोका चुकला तर सगळी ओळ वाकडी दिसते. ते आमच्याशी बोलत होते तरी त्यांची हातोडी चुकत नव्हती. मोठ्याने बोलावे लागे, कारण एवढ्या वर्षांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येते.

मी विचारले, "काका, सर्वांत जास्त खप कशाचा होता?" ते म्हणाले, "बंबाचा." तांबट आळीचा बंब प्रसिद्ध होता. मधल्या नळीत कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली तोटी. एका वेळी घरातल्या सर्वांच्या आंघोळी होत. पुढे गॅस आला, विजेची बंबे आली आणि तांब्याचा बंब माळ्यावर गेला. हंडे-घागरींचेही तेच झाले. घरोघर नळ आले, पाणी डोक्यावरून आणावे लागेना. स्वातंत्र्यानंतर स्टेनलेस स्टीलची भांडी निघाली. त्यांना कल्हई नको, चिंच लावून घासणे नको, आणि वजन हलके. बायकांनी स्टील घेतले यात बायकांचा दोष नाही. ज्या बाईने रोज दहा तांब्या-पितळेची भांडी राखेने घासली आहेत, तिला स्टीलचे सुख विचारा.

कल्हईवरून आणखी एक. तांब्यात किंवा पितळेत ताक, लिंबू, चिंच असे आंबट ठेवले तर ते कळकते आणि पोटास बाधते. म्हणून आतून कथलाचा मुलामा देत, तीच कल्हई. आमच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसे. नवसागराचा धूर आणि तो वास अजून नाकात आहे. काळे भांडे क्षणात चांदीसारखे होई. ज्यांनी घरात तांब्याचे भांडे ठेवले आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की कल्हई नसेल तर त्यात फक्त पाणी ठेवावे. तांब्याच्या स्पर्शाने पुष्कळ जंतू मरतात, हे आता शास्त्रज्ञांनीही प्रयोगाने दाखविले आहे. आपल्या आज्यांना प्रयोगशाळा ठाऊक नव्हती, पण उशाशी तांब्याचा तांब्याच असे.

आळीत आता नव्या तऱ्हेचा मालही होतो. इंटॅक नावाची वारसा जपणारी संस्था १९८४ साली देशात स्थापन झाली. तिच्या पुणे शाखेने ह्या कारागिरांबरोबर काम केले. हंडे विकले जात नाहीत तर त्याच मठारकामात पेले, बाटल्या, दिव्यांच्या टोप्या, शोभेच्या वाट्या करून पाहू, असा विचार झाला. शहरातली आणि परदेशातली गिऱ्हाइके ते घेतात. हे ऐकून बरे वाटले. पण काकांचा मुलगा नोकरी करतो. "त्याला मी बसवलंच नाही," ते म्हणाले. "कान माझे गेले तेवढे पुरे." यावर कोणी काही बोलले नाही. कला टिकावी असे आपल्याला वाटते, परंतु ती कोणाच्या कानांवर टिकावी, हेही आपण विचारले पाहिजे.

आता जे सांगण्यासाठी मी लेखणी धरली, ते सांगते.

ओसरीच्या कोपऱ्यात मोडीची रास होती. चेपलेले हंडे, तोटी तुटलेला बंब, बूड गेलेली घंगाळे. सारी वजनावर घेतलेली, गाळावयास जाणारी. मी सहज एक कळशी उचलली, तर काठाखाली बारीक टिंबांनी नाव कोरलेले दिसले. कोणा सौभाग्यवतीचे नाव, खाली वडिलांचे नाव आणि साल. मी त्या बाईला ओळखत नाही. पण तिच्या बापाने लेकीला सासरी पाठविताना दुकानात उभे राहून हे नाव घालून घेतले असेल, एवढे मला कळले. कारण माझ्या आईचाही असाच एक हंडा होता.

तिच्या वडिलांनी तो लग्नात दिला होता आणि त्यावर तिचे माहेरचे नाव होते. लग्नात आपले नाव बदलते. रेशनकार्डावर, मतदारयादीत, सातबाऱ्यावर आले तर सासरचे नाव येते. माझ्या आईचे तर सातबाऱ्यावर तेही आले नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तो हंडा घासताना ती त्या टिंबांवरून अंगठा फिरवीत असे आणि म्हणे, "हे माझं." तिने तो मला दिला. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवे केले, ओटा बांधला, आणि जागा अडते म्हणून मी तो मोडीत घातला. दुकानदाराने तोलला, कट वजा केली, आणि त्याच्या बदल्यात मी स्टीलची पिंप घेऊन आले. ती पिंप चांगली आहे. आजही वापरते. पण आई गेल्यानंतर तिचे माहेरचे नाव कोठे लिहिलेले आहे म्हणून मी शोधले, तेव्हा ध्यानात आले की साऱ्या जगात ते एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आणि ते मी किलोच्या भावाने दिले.

मी काकांना विचारले, "नाव असलेल्या भांड्याला जास्त काही मिळतं का हो?" ते म्हणाले, "नाव असलं तरी वजन तेवढंच, ताई." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "पण कोणी जुनं भांडं दुरुस्तीला आणलं, चेप काढायला, तर मी नावावर ठोका घेत नाही. कडेकडेनं घेतो. नाव मोकळं ठेवतो."

फेरी पुढे कुंभारवाड्याकडे गेली. तेथेही पुष्कळ पाहिले. पण माझे चित्त त्या कळशीपाशीच राहिले होते. माहिती सांगणाऱ्या मुलीला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "काकू, राजांचे शिलालेख दगडावर असतात. बायकांचे शिलालेख भांड्यांवर." हे वाक्य तिचे आहे, माझे नाही. म्हणून तिच्या नावावरच ठेवते.

धारूरला परत आल्यावर मी शेजारच्या तीन घरांत विचारले. एकीच्या माळ्यावर परात निघाली, एकीकडे पंचपात्री आणि एकीकडे एवढे मोठे घंगाळ. तिन्हींवर नावे. एक नाव सासूबाईंच्या आईचे होते आणि ते घरातल्या कोणालाच माहीत नव्हते. पुण्याला तांबट आळी आहे, तेथे माहितगार मुली फेऱ्या काढतात. आपल्याला दूर जावयास नको. आपली वारसा फेरी ह्या घरून त्या घरी, माळ्यावरून ओट्यावर.

म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. वर्धापनदिनाच्या दिवशी ज्यांच्याकडे नाव घातलेले जुने भांडे असेल त्यांनी ते चिंच लावून घासून आणावे. आपण एक वही करू. भांड्याचे नाव, त्यावरचे नाव, साल, कोणी कोणास दिले, एवढेच त्यात लिहू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे दुसरीने लिहावे. आणि त्यानंतर जिला भांडे मोडीत घालावयाचे असेल तिने खुशाल घालावे, अडचण प्रत्येकीची असते. नाव मात्र आधी वहीत उतरवावे.

माझ्याजवळ आणावयास भांडे नाही. तरी वहीच्या पहिल्या पानावर थोडी जागा मला द्यावी. तेथे मी माझ्या आईचे माहेरचे नाव लिहिणार आहे.